दीक्षाचा गुडघा आणि माझी घासाघीस

माझी पोर दीक्षा पडली तेव्हा मी मैदानावर नव्हते. हे मीच आधी सांगून टाकते, कारण नंतर ते मला बऱ्याच जणांनी सांगितलं. नणंदेनं सांगितलं, शेजारणीनं सांगितलं, खुद्द तिच्या फुटबॉलच्या सरांनीही सांगितलं. लग्नसराई होती. जुन्या हुबळीतल्या माझ्या भांड्यांच्या दुकानात एका मुलीच्या लग्नाची भांडी निघत होती आणि परातीच्या जाडीवरून माझं आणि मुलीच्या मामाचं जुंपलं होतं. तेवढ्यात सरांचा फोन आला.

"अक्का, दीक्षाचा पाय थोडा मुरगळलाय. एनू आगंगिल्ल. बर्फ लावा."

एनू आगंगिल्ल, म्हणजे काही होत नाही. ज्यांचा स्वतःचा पाय मुरगळलेला नसतो त्यांना हे फार लवकर सुचतं.

ज्यांच्या मुली, मुलं फुटबॉल खेळतात त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. गुडघ्याच्या आत काय असतं ते डॉक्टर सांगतील. आमच्या घरात काय झालं तेवढं मी सांगेन. आणि हो, मला राग आहे. तो बाजूला ठेवून लिहायला मला जमणार नाही आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही.

त्या दिवशी

दीक्षा पंधरा वर्षांची, मधल्या फळीत खेळते. धारवाडला मॅच होती. तिला कुणी ढकललं नाही, कुणी लाथ मारली नाही. चेंडू घेऊन ती वळली, बुटाचे खिळे जमिनीत रुतले, अंग वळलं आणि गुडघा मागे राहिला. "मम्मी, आत काहीतरी कट झालं," असं तिनं मला नंतर सांगितलं.

सर धावले. गुडघ्यावर थंड स्प्रे मारला, बँडेज गुंडाळलं, रेषेच्या कडेनं तिला दोन फेऱ्या मारायला लावल्या. आमचा संघ एका गोलनं मागे होता. दुसऱ्या अर्ध्यात सरांनी विचारलं, "दीक्षा, खेळतेस?" तिनं मान हलवली आणि आत गेली. थोड्याच वेळात तोच गुडघा परत निसटला. या वेळी तिला उचलून आणावं लागलं.

हे सगळं मला एकदम कळलं नाही. तुकड्या-तुकड्यांनी, वेगवेगळ्या मुलींकडून कळलं. ज्या क्षणी शेवटचा तुकडा कळला, त्या क्षणापासून माझं डोकं जे तापलं ते अजून निवलेलं नाही.

तेल, लेप आणि जिना

पंधरवड्यात सूज ओसरली. दीक्षा चालायला लागली, शाळेत जायला लागली. हळूहळू पळायला सुरुवात करा, असा सरांचा निरोप आला. नणंद म्हणाली, कलघटगीकडे एक जण आहे, तेल लावून शीर बसवतो, त्याच्याकडे बैलापासून माणसापर्यंत सगळे जातात. गेलो. हसू नका. घरात लंगडणारी पोर असली की तुम्हीही जाल. त्यानं अंगठ्यानं गुडघा दाबला, पाल्याचा लेप बांधला आणि शीर बसली म्हणाला. लेपानं कातडीवर फोड उठले, तेवढंच.

मग एका सकाळी घराच्या जिन्यावरून उतरताना तिचा गुडघा सटकला. ती पायरीवरच बसून राहिली. रडली नाही. गुडघ्याकडे बघत म्हणाली, "मम्मी, हा माझा नाहीये असं वाटायलंय."

त्याच दिवशी हुबळीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नाव घातलं.

टोपली

पुढचं समजायला माझा धंदा माहीत असावा लागतो. मी टोपली डोक्यावर घेऊन सुरुवात केली. धारवाडच्या मास्तरांच्या, वकिलांच्या वस्त्यांतून हिंडायचं, जुने कपडे घ्यायचे आणि त्यावर स्टीलची भांडी द्यायची. शिकल्यासवरल्या बायका चार विटलेल्या साड्यांवर कुकर मागायच्या. मी साडी उजेडासमोर धरायचे, विरलेली जागा दाखवायचे आणि चहाची गाळणी पुढे करायचे. तिथून दोघी एकमेकींकडे सरकत सरकत पातेल्यापर्यंत यायचो.

बोलणं अडलं की शेवटचा डाव एकच. भांडी गोळा करायची, टोपली डोक्यावर चढवायची आणि फाटकाकडे चालायला लागायचं. मागे वळून बघायचं नाही. फाटकापाशी हाक येतेच: "अगं ए, थांब की!" त्या हाकेच्या जिवावर मी दुकान उभं केलं. शाळेत मी फार गेले नाही, पण पहिला सांगितलेला भाव कधी खरा नसतो, हे मला कुणाहीपेक्षा जास्त कळतं.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कापड असं धरणाऱ्याचा चेहरा मला वाचता येतो. कुठंतरी विरलंय, हे मी ओळखलं.

"लिगामेंट पूर्ण तुटलंय," ते म्हणाले. "आतली गादीही थोडी फाटलीय. दुसऱ्यांदा गुडघा निसटला तेव्हा फाटली असणार. ऑपरेशन करावं लागेल. परत खेळायला नऊ महिने तरी."

दीक्षा भिंतीकडे बघत होती. तिचे पप्पा रेल्वेच्या वर्कशॉपातून तसेच आले होते, ते हातातली टोपी चुरगाळत होते. मी म्हणाले, "सहा करा, डॉक्टर."

त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. "नऊ, बाई."

"बरं, तुमचंही राहू दे, माझंही राहू दे. सात."

"कशाचे सात?"

"महिने. सात महिन्यांनी तिची जिल्ह्याच्या संघासाठी निवड आहे."

पप्पांनी माझा पदर ओढला. डॉक्टर मात्र शांत होते. "हे महिने मी ठरवत नाही," ते म्हणाले. "नवीन लिगामेंट आत रुजायला लागायचा तेवढा वेळ लागतो. आधी खेळली तर परत तुटेल. मग कदाचित कायमचंच."

मी उठले. पिशवी खांद्याला अडकवली, दीक्षाला उठवलं, दाराकडे निघाले. सावकाश चालले. दीक्षाच्या पायासाठी नव्हे, मागून येणाऱ्या हाकेसाठी. दार उघडलं आणि डॉक्टरांचा आवाज आला.

"नेक्स्ट!"

बाहेरच्या बाकावर बसल्यावर पप्पांना हसू फुटलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. "तुला परत न बोलावणारा हा पहिलाच माणूस," ते म्हणाले. दीक्षाही हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं आणि पदरानं तिचे डोळे पुसले.

"होईल की"

मी हार मानणाऱ्यातली नव्हे. धारवाडला दुसरे एक डॉक्टर बघितले. त्यांना सरळच विचारलं, सहा महिन्यांत पोर मैदानात जाईल का? "सहा? होईल की," ते म्हणाले. "तरुण पोर आहे. होईल की." फिल्म त्यांनी पाकिटातून अर्धीच बाहेर काढली होती.

मी खुशीत बसमध्ये बसले. वाटेत रायापूरच्या आसपास माझी खुशी उतरली. हा सूर मी कुठं ऐकलाय? माझ्याच दुकानात. दुकान बंद करायची वेळ झालेली असते, गिऱ्हाईक पातळ बुडाचं पातेलं हातात घेऊन विचारतं, मोठ्या शेगडीवर चालेल काय? आणि मी शटरकडे बघत म्हणते, "चालेल की."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत पहिल्या डॉक्टरांच्या रांगेत. त्यांनी आम्हाला बघितलं आणि "बसा" एवढंच म्हणाले. टोमणा नाही, कुठं गेला होता म्हणून चौकशी नाही. म्हणून मी त्या माणसाला मानते. राग मात्र त्याचाही येतो.

तुम्हाला सांगते, महिन्यांचा भाव करू नका. जो लगेच कमी करतो त्याच्याकडे माल नसतो.

वॉर्ड

ऑपरेशनच्या दिवशी दीक्षाला आत नेलं आणि दार मिटलं. मी भांडायला माणूस शोधत होते आणि तिथं कुणीच नव्हतं. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत वाईट वेळ. पप्पांनी चहा आणला, मी घेतला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "पिऊन घे. ती बाहेर आल्यावर तुला बोलायचं असतंय." मग प्याले.

वॉर्डात दिवस पोछ्याच्या वासानं सुरू व्हायचा. मग थर्मामीटर, मग इंजेक्शन, मग गुडघा वाकवायला येणारी बाई, जिला बघूनच दीक्षा चादर तोंडात धरायची. शेजारच्या खाटेवर रायापूरची एक म्हातारी होती. गोठ्यात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ती दीक्षाला "प्लेअर" म्हणायची.

"ए प्लेअर," ती कन्नडात म्हणाली, "एक पाय तुझा धड, एक माझा. दोघी मिळून खाली जाऊन चहा पिऊन येऊ की."

"आज्जी, ब्रेक कोण मारणार?" दीक्षा म्हणाली.

"ब्रेक कशाला? जिना आहे की."

सबंध वॉर्ड हसला. औषधाच्या गोळ्यांपेक्षा त्या म्हातारीनं माझ्या पोरीला जास्त झोप दिली, असं मी शपथेवर सांगेन.

नणंद भेटायला आली ती उशाशी बसून हळहळायला लागली. "वैनी, पोरीच्या जातीला असले खेळ कशाला? उद्या बघायला येतील तेव्हा या गुडघ्याचं काय सांगणार?"

"फुटबॉल खेळताना तुटला म्हणून सांगणार," मी म्हणाले. "आणि विचारणार, तुमच्या पोराचं खेळताना काय तुटलंय? काहीच नाही? मग घरी बसून काय करत होता?"

शेजारच्या खाटेवरून म्हातारीनं खुब्याला हात लावून धरला, हसताना दुखत होतं म्हणून. नणंद चहा न घेताच गेली.

सरांची भेट

सर शहाळी घेऊन आले. खाटेजवळ उभे राहून म्हणाले, "अक्का, मी तिला विचारलं होतं. तीच खेळते म्हणाली."

दीक्षा हळूच म्हणाली, "हो मम्मी. मीच मान हलवली."

"तू गप बस," मी म्हणाले. मग सरांकडे वळले. "सर, पंधरा वर्षांच्या पोरीला तुम्ही विचारलंत. सगळा संघ बघायलाय, एक गोल मागे आहे, आणि कुणाला खेळवायचं ते ज्यांच्या हातात आहे ते सर विचारायलेत. तिनं 'नाही' म्हणायचं तरी कुठं उभं राहून?"

"जबरदस्ती कुणी केली नाही, अक्का."

"मीपण गिऱ्हाइकावर जबरदस्ती करत नाही. तरी ते भांडं घेऊनच जातं."

सरांनी शहाळी टेबलावर ठेवली. आवाज खाली आणून म्हणाले, पुढच्या वर्षी दीक्षाची फी घेणार नाही, संघातली जागाही राखून ठेवतो. बाकीच्या पालकांना मात्र हे सांगत बसू नका. "अक्का, झालं ते झालं."

म्हणजे माल माझ्याकडे आहे, मी तोंड उघडलं तर काय होईल, ते त्यांना कळलं होतं. मी म्हणाले, फी राहू दे. मला दोन गोष्टी पाहिजेत. ज्या पोरीनं मैदानात गुडघा धरला, ती त्या दिवशी परत आत जाणार नाही. ती काही म्हणो, तुम्ही काही म्हणा. आणि हे तुम्ही सगळ्या मुलींसमोर तुमच्या तोंडानं सांगायचं.

"मॅच असतात, अक्का."

"गुडघेपण असतात, सर."

"बघू," ते म्हणाले.

बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्यानंतर मी रविवारी सकाळी मैदानाच्या फाटकापाशी उभी राहायला लागले. पोरींना सोडायला येणाऱ्या प्रत्येक आईबापाला काय झालं ते सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी मला बघून स्कूटर लांबूनच वळवली. एक जण म्हणाला, "तुमची पोर बसली म्हणून आमचीपण बसवायची काय?" त्याला मी काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरी

खरी लढाई घरी आल्यावर सुरू होते. हे कुणी सांगत नाही. दीक्षाची उजवी मांडी अशी वाळली की पॅन्टचा तो पाय रिकामा दिसायचा. धारवाडच्या फिजिओ शिल्पा मॅडम तिच्याकडून व्यायाम करून घ्यायच्या. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाब, सोड, दाब, सोड. मैदानभर पळणारी माझी पोर एवढ्यानं घामेघूम व्हायची.

एकदा मी दुकानात बसले होते. ती कुबड्या टेकत आली आणि तिचे फुटबॉलचे बूट माझ्यासमोर टाकले. "यावर काय देशील? एक चमचा?"

मी बूट उचलून फळीवर मोठ्या डब्यांच्या मागे ठेवले आणि तिला खुर्ची दिली.

आमची भांडणंही व्हायची. "तुला माझ्या गुडघ्याचं काही पडलेलं नाही," ती एकदा ओरडली. "तुला फक्त सरांना हरवायचंय!"

पप्पा भाकरी खात होते. मान वर न करता म्हणाले, "दोन्ही असेल की. तुझ्या आईला एका वेळी दोन भांडणं झेपतात."

ते खोटं नव्हतं.

निवड

सात महिने झाले आणि निवडीचा दिवस जवळ आला. सरांनी मला फोन केला नाही, दीक्षाला केला. ये, तुझा खेळ सगळ्यांना माहीत आहे, थोडा वेळ खेळ, नाव येऊन जाईल.

दीक्षा माझ्यामागे लागली. आधी म्हणाली पूर्ण वेळ खेळते. मग अर्धा. मग नुसती पासिंग करते, पळत नाही. मग नुसती जाऊन उभी राहते. एक-एक पायरी खाली येत होती. ही विद्या तिनं कुठून उचलली ते वेगळं सांगायला नको.

शिल्पा मॅडमनी तिला एका पायावर उडी मारायला लावली. डाव्या पायावर छान उतरली. उजव्यावर उतरली तेव्हा गुडघा आत झुकला. मलाही दिसला. "अजून नाही," मॅडम म्हणाल्या. "घेऊन जायचं की नाही ते घरातले ठरवतील. माझं मत सांगितलं."

मला काय वाटत होतं ते खरं सांगते. मला ती तिथं पाहिजे होती. तिनं जावं, खेळावं, तिचं नाव यावं आणि सरांनी ते नाव स्वतः वाचून दाखवावं, हे मी किती वेळा मनात बघितलं होतं! पण तो झुकलेला गुडघाही मी बघितला होता. माल हातात घेऊन बघितल्यावर डोळे मिटून सौदा करणं मला जमत नाही.

"जायचं नाही," मी म्हणाले.

"सहा महिने म्हणून डॉक्टरांशी वाद कुणी घातला? तूच ना?"

"मीच. आणि आता मीच नाही म्हणायलेय."

निवड झाली, तिच्याशिवाय. ती माझ्याशी बोलायची बंद झाली. पाणी पाहिजे असलं तरी पप्पांना सांगायची, मी समोर असताना. मी तिला रागावले नाही की समजावलंही नाही. राग धरायचा हक्क आमच्या घरात सगळ्यांना आहे. आणि धरला तिनं. निवडीनंतर किती तरी दिवस मी तिच्या व्यायामाचा टॉवेल गुंडाळून ठेवायचे, ती तो उलगडून स्वतः परत गुंडाळायची. पण व्यायाम चुकवला नाही.

परत

डॉक्टरांनी अखेर परवानगी दिली ती ठरल्यापेक्षा उशिराच. सुरुवातीच्या मॅचमध्ये अर्धाच वेळ, असं बजावलं. या वेळी मी तोंड उघडलं नाही. तेच माझ्याकडे बघून म्हणाले, "काही कमी-जास्त?" मी नाही म्हणाले.

संघ तोच, सरही तेच. आमच्या आवाक्यातला मुलींचा संघ तो एकच, नाहीतर मी त्यांचं तोंड बघितलं नसतं. माझ्या दोन गोष्टींपैकी एकही त्यांनी अजून मान्य केलेली नाही.

मॅच धारवाडला होती. दीक्षा आधी घाबरत, बिचकत खेळली, मग एकदा चेंडू घेऊन वळली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पळत होती. अर्धा वेळ झाला, ती बाहेर आली. दोन्ही संघांचा एक-एक गोल होता. दुसऱ्या अर्ध्यात तिच्या जागी गेलेली मुलगी दमली आणि सर बाकाकडे वळले.

"दीक्षा, दहा मिनिटं. फक्त दहा."

मी पायरीवरून उठले. चपला पायात सरकवल्या. दीक्षा पाणी पीत होती. तिनं बाटलीचं झाकण लावलं.

"साकु, सर," ती म्हणाली. म्हणजे पुरे.

"अगं, बराबर तर आहेस तू! बरं, पाच?"

"डॉक्टर अर्धाच वेळ म्हणालेत. झाला तो."

"शेवटची पाच, दीक्षा. सगळ्या तुझ्याकडे बघायल्यात."

खरंच सगळ्या बघत होत्या. दीक्षानं त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग वाकून बुटाची नाडी सोडली. एक बूट काढला, दुसरा काढला आणि अनवाणी बसून राहिली. माझी जीभ वळवळत होती, पण तिला माझी गरज नव्हती. सरांनी दुसऱ्या मुलीला उठवलं.

आम्ही एका गोलनं हरलो. परतताना बसमध्ये दोन-तीन मुली तिच्याशी बोलल्या नाहीत. एकीनं तर जागा बदलली. दीक्षा माझ्या शेजारी बसली, निवडीनंतर पहिल्यांदाच. खिडकीला डोकं टेकलं आणि उजवा पाय वाटेत लांब सोडून रायापूर यायच्या आत झोपून गेली.

कंडक्टर तिकीट फाडत आला. "अक्का, पोरीचा पाय आत घ्यायला सांगा. लोकांना जायचं असतंय."

"तो पाय तिथंच राहणार," मी म्हणाले. "तुम्ही ओलांडून जा."